बरणीतलं माहेर

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की माझं घरात लक्ष लागत नाही. आता गाड्या म्हणजे ट्रॅक्टर नि टेम्पो, पण वरून ताडपत्री कितीही आवळली तरी कापूस तो कापूसच, उडायचं सोडत नाही. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढऱ्या दाढ्या फुटतात, तारांवर पुंजके लोंबतात आणि एखादा चुकार पुंजका खिडकीतून आत शिरून न्हाणीघरातल्या बादलीत उतरतो. परवा असाच एक उतरला. मी बादलीवर वाकून उभी राहिले ती राहिलेच. सून म्हणाली, "आई, काय पाहून राहिल्या एवढं?" आता तिला काय सांगू! मी वाट बघत होते. खालून कुणीतरी वर येईल, पुंजका तोंडात धरील आणि कोपऱ्यात ओढून नेईल, म्हणून.

असाच ओढून न्यायचा तो. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, पण तोरा असा की जणू अख्ख्या यवतमाळचा कापूस यानंच विकत घेतलाय.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा बदलला होता आणि त्या शाळेत माझा नवरा मुलांना विज्ञान शिकवत होता. गावात सगळे त्याला 'सर' म्हणत, घरात सासूबाई 'बंडू' म्हणत, आणि मी काहीच म्हणत नव्हते, कारण नवऱ्याला हाक मारायची रीत नव्हती. 'अहो' एवढ्यावर संसार चालला होता. घर जिनिंग कारखान्याच्या रस्त्यावर. हंगामात आमच्या ओसरीसमोर बैलगाड्यांची रांग लागायची, बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या हाका, आणि हवेत सगळीकडे कापूस. भाकरीवर कापूस, ओल्या केसांत कापूस. मला तो फार आवडायचा. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, दिवस गेले होते आणि मला त्या वर्षी सगळंच फार आवडत होतं.

एक सोडून. सातव्या महिन्यात मला माहेरी जायचं होतं.

कुणाला हसू येईल. माहेरी जायचं म्हटलं की पोरींना पंख फुटतात, आणि ही बया रडतेय! पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही दगडावरची रेघ. माझं माहेर राजूरला, वणीच्या बाजूला, कोळशाच्या खाणीपाशी. गेले की तीन-चार महिन्यांची निश्चिंती. बाळ झालं की इकडे निरोप येणार, मग इथं साखर वाटणार, आणि बाळाचा बाप सोयीनं, सुट्टी बघून, जावयाचा मान सांभाळत येणार. तोवर बाळ कुशीवर वळायला लागलेलं असायचं. एकदा दिवे लावताना ते हळूच म्हणाले होते, "मला ते तेव्हाच पाहायचं आहे गं. अगदी आलं की." एवढंच. पण मला ते काही केल्या विसरता येत नव्हतं. आणि बोलायची सोय कुठं होती? माहेर नको म्हणणाऱ्या सुनेला लोक काय म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक होतं.

तर दसऱ्याला मी राजूरला गेले होते. राजूरला सगळं काळं. पांढरं धोतर वाळत घातलं तर संध्याकाळी करडं होऊन आत यायचं. वडील खाणीच्या कचेरीत कारकून, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून घोषबाबू राहायचे. खाणीत मोजणीचं काम करायचे, मूळचे बंगालचे. त्यांच्या खिडकीत काचेची एक पेटी होती आणि गावातला सगळा रंग त्या पेटीत जाऊन बसला होता. त्यांच्या देशाकडच्या तळ्यांतले मासे ते. 'लाल खोलशे' म्हणायचे त्यांना. नराच्या अंगावर आकाशी नि शेंदरी तिरपे पट्टे, उन्हात फिरला की नजर ठरायची नाही. पोटाखाली दोन लांब धागे, त्यांनी तो पुढचं सगळं चाचपून बघायचा. मधूनच वर यायचा, पाण्याबाहेरची हवा एक घोट प्यायचा आणि परत खाली. मी लहानपणापासून त्या खिडकीला नाक लावत आले होते. या खेपेला घोषबाबूंनी एक जोडीच कळशीत घालून माझ्यासमोर ठेवली.

"ले जा, सुमोन," ते म्हणाले. माझं सुमन नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही. "दो नर कभी मत रखना. लड़ाई करके मरेगा. एक नर, एक मादी. और घास बहुत देना. नर गुस्सा करेगा तो बेचारी छुपेगा कहाँ?"

मोटारीनं भोंगा दिला. मी चढले, तरी ते खिडकीखालून ओरडतच होते, "और सुनो! अंडा के टाइम मादी को अलग कर देना! भूलना नहीं!"

मी मान डोलावली. अंड्यांच्या वेळी मादी वेगळी करायची. त्यात न समजण्यासारखं काय आहे? पुढं जो घोळ झाला तो या एका वाक्यापासून झाला.

कळशीच्या तोंडाला फडकं बांधून ती मांडीवर घेऊन मी आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तूप हाय का वं?" मी म्हटलं, "मासे." बाई वणीपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसल्या.

घरी सासूबाईंचा पवित्रा त्याहून कडक. आमचं घर कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर ठेवणारं. "मासोळ्या? माह्या घरात?"

"खायच्या नाहीत आई, पाहायच्या आहेत."

"पाहाच्या? पाहाले कायले लागते मासोळी? लोकं आपल्यावर हासून राह्यले तेवढं कमी हाय का?"

शेवटी ओसरीपर्यंत परवानगी मिळाली, उंबऱ्याच्या आत नाही. यांनी टिनवाल्याकडून पत्र्याची चौकट करून आणली, काचा बसवल्या, फटींत लांबी भरली आणि मोठ्या शास्त्रोक्त पद्धतीनं पाणी ओतलं. सगळी ओसरी न्हाऊन निघाली. सासूबाई म्हणाल्या, "शिकव पोराईले आता, पाणी खालच्या दिशेनं जाते म्हनून." दुसऱ्या खेपेला पेटी टिकली. पाणवनस्पतीची सोय सोनीबाईनं केली. ती वरच्या तांड्यावरची, नवऱ्यासोबत कापसाची गाडी घेऊन यायची आणि गाडी रांगेत अडकली की आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकायची. तांड्याजवळच्या बंधाऱ्यातलं शेवाळ तिनं ओल्या फडक्यात बांधून आणलं, पेटीत सोडलं, आणि नराकडे बघून हरखून म्हणाली, "आछी छ, याडी!" म्हणजे, छान आहे गं आई. तिच्या चोळीवरची भिंगं आणि त्याच्या अंगावरचे पट्टे समोरासमोर लखलखत होते. सासूबाई म्हणाल्या, "तुह्याच जातीचा दिसते वं, नटवा." आणि दोघी खळखळून हसल्या. त्या हसण्यात मासे घरचे झाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तांदूळ निवडायला सूप घेऊन बसल्या त्या पेटीसमोर. बराच वेळ नुसतं बघणं चाललं होतं.

"हा नवरदेव. अन् थे पांढरी कोन?"

"त्याची बायको."

सुपातला हात थांबला. "बायको? मंग तिले काहून नाही देला रंग?"

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंच्या अंगावर पांढरं लुगडं. यांनी आपली हुशारी पाजळली, की मादी फिकी असते कारण शत्रूच्या डोळ्यावर येऊ नये, वगैरे. "राहू दे तुयं शाळेतलं," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या पांढरीच्या बाजूच्या झाल्या. हौदातल्या डासांच्या अळ्या गाळून मी खाऊ घालायचे, तर सासूबाईंचा पहारा: "त्याले पुरे झालं. तिच्याकडं टाक."

मग एका सकाळी गंमत झाली. पेटीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या तोंडावर फेस दिसला. मला वाटलं साबण पडला. तर नवरदेव! वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा, खाली जाऊन एक बुडबुडा सोडायचा. त्याला शेवाळाचा एक तुकडा टाचायचा. पुन्हा वर. पुन्हा बुडबुडा. घर बांधत होता हो! आणि हवेतून कापसाचे पुंजके पाण्यावर पडत होते, ते हा पठ्ठ्या तोंडात धरून ओढत नेत होता आणि घराला लिंपत होता. आम्ही तिघंही चहा विसरलो. रस्त्यावरचे गाडीवान उतरून ओसरीपाशी आले. एक जण म्हणाला, "आमचा कापूस भाव व्हायच्या आधीच उचलून राह्यला!"

इकडे पांढरीचं पोट भरत चाललं होतं. माझंही. सासूबाई एकदा तिच्याकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. नराचं डोकं मात्र फिरलं होतं. पांढरी घराजवळ आली की अंगावर धावून जायचा. तिच्या शेपटीला चीर गेली. मी घोषबाबूंचं वाक्य सांगितलं, अंड्यांच्या वेळी वेगळं करायचं. सासूबाईंना ते इतकं पटलं की बंगाल्यांबद्दल त्यांचं मत त्याच क्षणी सुधारलं.

"बराबर हाय त्याईचं. पहिलटकरीन हाय ना थे. दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरीच कराव लागते. सासरी हे असे धावून येते अंगावर."

लोणच्याची काचेची बरणी धुतली, उन्हात वाळवली. निम्मी भरली, वर दोन काड्या शेवाळ. सासूबाईंनी पांढरीला वाटीत धरून बरणीत सोडलं, आणि सोडताना, देवाशपथ सांगते, बरणीच्या काचेला हळदी-कुंकवाचं बोट टेकवलं. माहेरवाशीण ती! बरणी खिडकीत ठेवली. आम्ही अंडी कधी घालते याची वाट बघत बसलो.

ती कसली घालते! खाणं टाकलं. बरणीच्या तळाशी तोंड करून उभी. आणि पेटीत नवरदेव घराखाली जायचा, परत काचेपाशी यायचा, घराखाली, काचेपाशी, घराखाली. मग बांधणंच सोडलं. बुडबुडे एकेक करून फुटले, कापूस भिजून खाली बसला. दिवाळीत सगळीकडे दिवे आणि आमच्या ओसरीवर दोन आजारी मासे. पहाटे गारवा सुटायला लागला. थंडी पडली की या जातीचं काही खरं नसतं, पाणी ऊबदार हवं, एवढं मला घोषबाबूंकडून ठाऊक होतं. मला रडूच यायचं. लोकांना वाटायचं, गर्भारपण आहे, हळवी झालीय. खरं सांगायचं तर मला ती बरणी बघवत नव्हती. भाऊबीज झाली की मलाही जायचं होतं ना! ट्रंक काढून ठेवली होती.

भाऊबीजेला भाऊ आला नाही, त्याला ताप होता. वडिलांनी फराळाचा डबा घोषबाबूंबरोबर पाठवला, त्यांचं यवतमाळला कचेरीत काम होतं. घोषबाबू ओसरीवर चढले, पेटी बघितली, बरणी बघितली आणि डबा हातातच राहिला.

"ये क्या किया, सुमोन?"

"तुम्हीच तर सांगितलं, अंडे के टाइम..."

"अंडा के बाद! बाद! अरे बाबा, घर कौन बनाया? नर बनाया. अंडा कौन सँभालेगा? नर. बच्चा कौन देखेगा? नर. माँ तो अंडा देके छुट्टी! तब उसको निकालो, नहीं तो मारेगा."

सासूबाई दारात पदर सावरून उभ्या होत्या. हिंदी त्यांना चांगलं कळायचं, बाजार त्याच भाषेत व्हायचा. तरी त्यांनी मला विचारलं, "काय म्हनून राह्यले हे? बाळंतपण बाप करते?"

"हो आई. आधी सासरी, माहेर मग."

"अगं माय!" असं म्हणून त्या पाटावर बसल्याच.

पांढरी परत पेटीत गेली. आता आमची घाई सुरू झाली. घोषबाबूंच्या सांगण्यावरून पाणी कमी केलं. सोनीबाईनं आणखी शेवाळ आणलं, लपायला चांगलं दाट. आणि ऊब? सासूबाई आत गेल्या, आणि माझ्या बाळासाठी नव्या कापसाची शिवलेली गोधडी घेऊन आल्या. दिवस कलला की ती पेटीभोवती गुंडाळायची, सकाळी ऊन आलं की काढायची. मी म्हटलं, "आई, बाळाची आहे ती." तर म्हणाल्या, "मंग? हे का कुत्र्याचे लेकरं हायेत?"

आणि मग तो दिवस! दुपारची वेळ, ऊन ओसरीत आलेलं, रस्त्यावर गाड्यांची ही रांग. नवरदेवानं घर पुन्हा बांधलं होतं, पहिल्यापेक्षा उंच, कापसाचा घुमट घातलेलं. मी सहज बघितलं तर त्याचा रंग असा चढलेला की आकाशी आकाशी राहिला नव्हता, पेटला होता. कल्ले पसरून तो पांढरीसमोर थरथरत होता. आणि ती पळत नव्हती. आपण होऊन त्याच्या घराखाली गेली, त्याच्या शेपटीला तोंडानं ढुशी दिली. त्यानं सगळं अंग वाकवून तिला विळखा घातला, तिला हळूच उलटी केली, आणि दोघांमधून खसखस उडाली! खरंच, खसखस. बारीक, पारदर्शक, वर वर तरंगत निघालेली.

"आई!" मी ओरडले.

सासूबाई आल्या, एक नजर टाकली, आणि वळल्याच. मला वाटलं देवापुढं साखर ठेवायला गेल्या. त्या रस्त्यावर गेल्या होत्या! ज्या बाईनं चपला आणि चादर घेतल्याशिवाय कधी उंबरा ओलांडला नाही, ती अनवाणी, गाड्यांच्या रांगेतून वाट काढत, थेट शाळेत. वर्गाच्या दारात उभं राहून, सगळ्या पोरांसमोर:

"बंडू! चाल लवकर! सुरू झालं!"

आता तुम्हीच सांगा. घरी सात महिन्यांची गर्भार बायको. आईनं अनवाणी येऊन 'सुरू झालं' म्हटल्यावर माणूस काय समजेल?

हे आले ते पळत. हातात खडू, धोतराचा काठ धुळीत, चेहरा या कापसाहून पांढरा. मी पेटीपाशी बसून दोन्ही हातांनी खुणा करतेय, या, या! त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पेटीकडे बघितलं, परत माझ्याकडे, आणि तिथंच जमिनीवर बसले. खडूचे दोन तुकडे झाले होते. मागून सासूबाई धापा टाकत आल्या. "पाह्यलं का? कसं चाललं त्याईचं!" म्हणाल्या आणि मुलाच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

मग आम्ही तिघं काचेला नाक लावून बसलो. विळखा, खसखस, विळखा, खसखस. नवरदेव एकेक दाणा तोंडात टिपायचा आणि घरात नेऊन ठेवायचा, खालून आणखी बुडबुड्यांचा पाट द्यायचा. एक दाणा निसटून खाली गेला तर पार तळापर्यंत सूर मारून उचलून आणला. यांचा हात माझ्या हातावर होता आणि सासूबाई बघत असताना तो यांनी काढला नाही. हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

सगळं आटोपलं. त्यानं पांढरीला हुसकलं, ती शेवाळात शिरली. सासूबाईंनी वाटी घेतली, तिला अलगद उचललं, बरणीत सोडलं. या खेपेला ती खायला लागली, चक्क फिरायला लागली. सासूबाई बरणी निरखत म्हणाल्या, "आता सोभते तिले माहेर."

हे हात धुवायला गेले होते. बरणीवरचा हात न काढता, माझ्याकडे न बघता, त्या बोलायला लागल्या.

"माह्या पहिल्याच्या वक्ती मी महागावले होती, माहेरी. पोरगा झालता. गोरा, लांब बोटाईचा. निरोप गेला, तर हे म्हने बारशाले येतो, तशीच रीत होती. पोरगा आठव्या दिवशी गेला." बरणीत पांढरी वर आली, हवेचा घोट घेऊन गेली. "मंग बंडू झाला, बाकीचे झाले. पन ते जाईपरेंत मले इचारत, कसा होता वं तो? नाक कोनासारखं होतं? मी सांगो. सांगून काय दिसते, पोरी?"

त्यांनी पदरानं डोळे नाही पुसले, बरणीची काच पुसली.

"तुयं बाळंतपण इथंच करू. तुह्या बाबांले मी सांगतो, माहेरची मानसं इकडं येऊ दे. माहेरी मंग जाजो, चांगली दोन महिने राह्यजो. आज त्याचं तोंड पाह्यलं मी, बंडूचं."

रिकामी ट्रंक मी त्याच संध्याकाळी परत माळ्यावर टाकायला लावली. लोक बोलले, बोलायचेच. सुनेला माहेरी धाडत नाहीत, कंजूष आहेत, इथपासून ते माशांचा नाद लागलाय सगळ्यांना, इथपर्यंत. दुसरं खरंच होतं. दुसऱ्या दिवशीच घरट्याखाली बारीक काळे स्वल्पविराम लोंबायला लागले होते, आणि नवरदेव पडलेलं प्रत्येक पिल्लू तोंडात घेऊन परत वर नेऊन ठेवत होता. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवायच्या. "हा बाप हाय," असं प्रत्येकाला सांगायच्या, जसं काही लोकांनी बाप कधी बघितलाच नव्हता.

संक्रांतीच्या आसपास, रस्त्यावर गाड्या अजून चालू असताना, माझी मुलगी झाली. हे ओसरीवर पेटीपाशी येरझारा घालत होते. आतून मला त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, थांबला की कळायचं, काचेपाशी थांबले. सुईणीनं बाळ पुसून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते गोधडीत घेतलं, त्याच, पेटीची ऊब लागलेल्या. मला दाखवलं, आणि उंबऱ्याकडे निघाल्या. सुईण म्हणाली, "अवो, सोयर हाय, बाहेर कुठं?" सासूबाईंनी ऐकलं नाही. दार उघडलं, ऊन आत आलं, उन्हात कापूस तरंगत होता.

"बंडू, हात पुढं कर."

मला खाटेवरून तिघंही दिसत होती. यांना बाळ धरता येत नव्हतं, कोपर कुठं ठेवायचं कळत नव्हतं. सासूबाईंनी ते हातानं नीट लावून दिलं आणि बाजूला उभ्या राहिल्या, त्या पांढऱ्या लुगड्यात.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "पोटभर पाहून घे, बाबू."